एका अल्पायुषी पक्षाची रोजनिशी

राजकारणांत यशस्वी झालेल्या पक्षांस इतिहासकार मिळतात. अयशस्वी पक्षांच्या वांट्याला बहुधा एखादी तळटीप येते. यांत मोठासा अन्याय आहे असें नाहीं. ज्या पक्षानें राज्य केलें नाहीं, कायदा केला नाहीं, निवडणुकींत एक जागाही जिंकली नाहीं, त्याच्यासाठीं इतिहासानें पानें तरी किती खर्चावीं? परंतु वाङ्मयाचा न्याय इतिहासाच्या न्यायाहून थोडा निराळा आहे. जय पुष्कळ गोष्टी झांकून टाकतो, पराजय त्या उघड्या करतो. माणसें एखाद्या कल्पनेभोंवतीं कां जमतात, तिच्याविषयीं त्यांना कोणत्या क्षणीं शंका येऊं लागते, आणि शंका आल्यावरही तीं आणखी किती दिवस तेथेंच रेंगाळतात, हें पाहावयाचें असेल तर जिंकलेल्या पक्षापेक्षां हरलेला पक्षच अधिक उपयोगीं पडतो.

इंग्लंडांतील ‘न्यू पार्टी’, म्हणजे ‘नवा पक्ष’, हा असाच एक हरलेला पक्ष होय. १९३१ च्या मार्चमध्यें तो जन्मास आला आणि १९३२ च्या एप्रिलमध्यें त्याचें विसर्जन झालें. एवढ्या अल्प आयुष्याविषयीं तीन प्रत्यक्ष साक्षीदारांनीं तीन पुस्तकांत आपली साक्ष नोंदविली आहे. पक्षाचा एक संस्थापक जॉन स्ट्रेची यानें १९३३ सालीं ‘द मेनेस ऑफ फॅसिझम’ हें पुस्तक लिहिलें. पक्षाचा नेता सर ऑस्वल्ड मोस्ले याचें ‘माय लाइफ’ हें आत्मचरित्र १९६८ सालीं निघालें. आणि पक्षाच्या साप्ताहिकाचा संपादक हॅरल्ड निकल्सन याच्या रोजनिशीचा व पत्रांचा पहिला खंड त्याचा मुलगा नायजेल यानें १९६६ सालीं संपादून प्रसिद्ध केला. या तिन्हींत निकल्सनची रोजनिशी सर्वांत वाचनीय आहे यावर दुमत होणार नाहीं. ती सर्वांत विश्वसनीयही आहे असें आम्हांस वाटतें. मात्र तिच्या वाचनीयतेंतच तिचा एक मोठा दोष दडलेला आहे, आणि तो दोष केवळ लेखनाचा नाहीं. त्याचीच चिकित्सा येथें करावयाची आहे.

प्रथम पूर्ववृत्तांत सांगणें अवश्य आहे. मोस्ले १९१८ सालीं, अवघा बावीस वर्षांचा असतांना, हुजूर पक्षातर्फे हॅरो येथून पार्लमेंटांत गेला. आयर्लंडांत सरकारनें चालविलेल्या दडपशाहीचा निषेध करून तो १९२० सालीं त्या पक्षापासून दूर झाला आणि १९२४ सालीं मजूर पक्षांत शिरला. त्याची पत्नी सिंथिया ही लॉर्ड कर्झनची कन्या. बंगालच्या फाळणीमुळें आपल्याकडे ज्याचें नांव अद्यापिही कडवटपणें घेतलें जातें त्या व्हाइसरॉयची ही मुलगी १९२९ सालीं मजुरांची प्रतिनिधि म्हणून स्टोक येथून निवडून आली, हा योगायोग मोठा कौतुकाचा आहे. त्याच वर्षीं मॅकडोनल्डच्या मंत्रिमंडळाकडे बेकारीचा प्रश्न आला. तो ज्या मंत्र्यांकडे सोपविला होता त्यांत मोस्लेही होता. बेकारांची संख्या १९२९ मध्यें सुमारें बारा लाख होती. १९३० अखेर ती पंचवीस लाखांच्या घरांत गेली. सार्वजनिक बांधकामें, वृद्ध कामगारांस लवकर निवृत्तिवेतन, आयातीवर नियंत्रण आणि पतपुरवठ्यावर सरकारचा ताबा, अशी योजना मोस्लेनें आखली. मंत्रिमंडळानें ती फेटाळली आणि मे १९३० मध्यें त्यानें राजीनामा दिला. राजीनाम्यानंतरचें त्याचें २८ मेचें भाषण पार्लमेंटांतील उत्तम भाषणांत गणलें जातें.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत लँडडनो येथें मजूर पक्षाची परिषद भरली. मोस्लेच्या योजनेसंबंधींच्या ठरावास १०,४६,००० मतें अनुकूल व १२,५१,००० प्रतिकूल पडलीं. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व विवेचनाचा तो पाया आहे. ज्या माणसाला आपल्या पक्षाच्या परिषदेंत निम्म्याच्या जवळपास मतें मिळतात त्यास पराभूत म्हणण्यापेक्षां उद्यांचा नेता म्हणणें अधिक योग्य. परंतु मोस्लेला उद्यांपर्यंत थांबावयाचें नव्हतें. डिसेंबरांत सतरा पार्लमेंट-सभासद आणि खाण-कामगारांचा पुढारी ए. जे. कुक यांच्या सह्यांनिशीं त्यानें एक जाहीरनामा काढला. खात्यांच्या कारभारांतून मोकळ्या ठेवलेल्या पांच मंत्र्यांच्या हातीं आणीबाणीचे अधिकार द्यावे, ही त्यांतील मध्यवर्ती कल्पना होती. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञानें त्यांतील आर्थिक विचाराचें स्वागत केलें. परंतु सही करणें निराळें आणि घर सोडणें निराळें. नवा पक्ष काढण्याची वेळ आली तेव्हां सह्या करणारांपैकीं बहुतेक मागें राहिले. पंतप्रधानकीचा अनुभव असलेल्या बाल्डविनचा मुलगा ऑलिव्हर हा आला आणि लागलाच परत फिरला. मोटारींचे कारखानदार सर विल्यम मॉरिस यांनीं पन्नास हजार पौंड दिले, म्हणून पैशाची तूट प्रथम तरी पडली नाहीं. तूट पडली ती माणसांची. शिवाय पक्षाची स्थापना होते न होते तोंच मोस्ले फुप्फुसाच्या विकारानें अंथरुणास खिळला, आणि प्रारंभींच्या सभा स्ट्रेची व सिंथिया यांनीं निभावून नेल्या.

पहिली कसोटी अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथें झाली. हें लँकेशायरांतील कापड-गिरण्यांचें गांव. तेथील पोटनिवडणूक ३० एप्रिल १९३१ रोजीं झाली. नव्या पक्षानें मोस्लेचा सहकारी ॲलन यंग यास उभें केलें. हुजूर पक्षाच्या उमेदवारास १२,४२०, मजूर पक्षाच्या उमेदवारास ११,००५ आणि यंगला ४,४७२ मतें पडलीं. दोन महिन्यांच्या पक्षाला शेंकडा सोळा मतें मिळणें ही लाजिरवाणी गोष्ट नव्हती. पण मजुरांची जागा हुजुरांकडे गेली, आणि ती नव्या पक्षानें मतें फोडल्यामुळेंच गेली अशी मजुरांची समजूत झाली. निकाल लागल्यावर बाहेर जमलेल्या लोकांनीं मोस्लेला शिव्यांची लाखोली वाहिली.

येथें पहिल्या साक्षीदाराची साक्ष महत्त्वाची आहे. स्ट्रेची त्या वेळीं मोस्लेच्या शेजारीं उभा होता. त्या खवळलेल्या जमावाकडे पाहून, युद्धानंतर इंग्लंडांत कोणालाही कांहीं करूं न देणारे लोक हेच, अशा अर्थाचे उद्गार मोस्लेनें काढले असें तो सांगतो. आणि इंग्लंडांतील फॅसिझमचा जन्म त्या क्षणीं झाला असें त्याचें मत आहे. प्रसंग नाट्यमय आहे यांत शंका नाहीं. पण ही साक्ष १९३३ सालची आहे, हें विसरून चालणार नाहीं. स्ट्रेची व यंग यांनीं जुलै १९३१ मध्येंच पक्ष सोडला होता. १९३२ च्या ऑक्टोबरांत मोस्लेनें उघडपणें फॅसिस्ट संघटना उभारली होती. आणि स्ट्रेची तोंपर्यंत मार्क्सवादाकडे वळला होता. शेवट ठाऊक झाल्यावर माणूस आरंभाकडे पाहूं लागला, म्हणजे प्रत्येक पायरी त्या शेवटाकडेच जात होती असें त्यास दिसतें. तो खोटें बोलतो असें नव्हे. तो फार नीटनेटकें बोलतो. प्रत्यक्ष आयुष्य इतकें नीटनेटकें नसतें.

दुसरा साक्षीदार स्वतः मोस्ले. ‘माय लाइफ’ हें पुस्तक लिहितांना तो सत्तरी ओलांडलेला होता. त्याच्या बुद्धीची धार त्यांत ठिकठिकाणीं जाणवते, आणि बेकारीविषयींचीं त्याचीं प्रकरणें आजही वाचण्यासारखीं आहेत. परंतु त्या आत्मचरित्रांत एक विलक्षण पोकळी आहे. प्रत्येक अपयशाचें कारण दुसऱ्या कोणांत तरी सांपडतें. कोठें मंत्रिमंडळ भित्रें, कोठें सहकारी डळमळीत, कोठें परिस्थिति प्रतिकूल. चूक झाली असेल तर ती फार लवकर बरोबर ठरण्याची. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आत्मसमर्थनाकडे झुकतो हें खरें. परंतु चांगल्या आत्मचरित्रांत एक तरी जागा अशी असते कीं जेथें लेखकाचा हात थबकतो. येथें तो कोठेंच थबकत नाहीं.

आतां निकल्सनकडे वळूं. त्याचा जन्म १८८६ चा, तेहरानचा. वडील वकिलातींत, आणि तोही पुढें परराष्ट्र-खात्यांतच गेला. १९१९ च्या पॅरिसच्या तहपरिषदेंत त्यानें काम केलें. १९२९ अखेर त्यानें नोकरी सोडली आणि लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रांत तो लिहूं लागला. हें काम त्यास मनापासून नावडतें होतें. याच सुमारास, १ जानेवारी १९३० पासून, त्यानें रोजनिशी टंकलिखित करण्यास आरंभ केला आणि तो नेम चौतीस वर्षें पाळला. म्हणजे नव्या पक्षाचें प्रकरण या रोजनिशीच्या अगदीं पहिल्या पानांत येतें. ‘सम पीपल’ या १९२७ सालच्या पुस्तकानें लहानशा लकबींतून सबंध माणूस उभा करण्याची त्याची हातोटी सिद्ध झालेली होती. तीच हातोटी येथें आहे, आणि पुस्तकासाठीं केलेली सजावट नसल्यामुळें ती अधिकच खुलते. जेवणाच्या टेबलावर कोण काय बोलला, बोलतांना मोस्लेच्या चेहऱ्यावर काय दिसलें, कोणी कोणाला टाळलें, या सर्वांची टिपणें त्यानें आठवण ताजी असतांनाच करून ठेविलीं.

रोजनिशीचा मोठा गुण असा कीं तिला उद्यां ठाऊक नसतो. १९३१ च्या उन्हाळ्यांतला निकल्सन १९३३ च्या स्ट्रेचीइतका शहाणा नाहीं, आणि म्हणूनच तो अधिक खरा आहे. एके दिवशीं मोस्ले त्यास भावी पंतप्रधान वाटतो. दुसऱ्या दिवशीं तोच मनुष्य उतावळा आणि हट्टी दिसतो. तिसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच्या बोलण्याची मोहिनी पडते. हे हेलकावे आज आपणांस कंटाळवाणे किंवा हास्यास्पद वाटतील, परंतु बुद्धिमान् माणसें एखाद्या नेत्यामागें कशीं जातात याचें इतकें प्रामाणिक चित्र अन्यत्र क्वचितच सांपडेल. मनुष्य एका उडींत खड्ड्यांत पडत नाहीं. तो कांठाकांठानें चालत असतो, आणि वाटेंत त्यास बरोबरच्या मंडळींचें संभाषण फार आवडलेलें असतें.

या संदर्भांत २१ सप्टेंबर १९३१ ची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. आदल्या दिवशीं ग्लासगो येथील मोस्लेच्या सभेवर दगडफेक झाली होती आणि वस्तरे बाळगणाऱ्या गुंडांनीं त्याच्यावर चाल केली होती. यामुळें आपणांस फॅसिस्ट होणें भागच पडत आहे, आतां शिस्तबद्ध दल उभारण्यास कचरावयाचें कारण नाहीं, असें मोस्लेचें म्हणणें पडलें. मग गणवेषाची चर्चा निघाली, आणि निकल्सननें सुचविलें कीं करड्या फ्लॅनेलच्या विजारी व सदरे असावे. ही सूचना वाचून वाचकाला हंसूं येतें. तें यावें म्हणूनच ती तशी नोंदलेली आहे. इंग्रज मध्यमवर्गीय माणूस रविवारीं फिरावयास जातांना जो पोषाख घालतो तो घालून क्रान्ति करावयाची! विनोद उत्तम आहे. परंतु तो कोठें केला आहे हें पाहा. राजकीय सभांसाठीं एक दल उभारावें काय, हा खरा प्रश्न समोर होता. त्यास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर संभवत होतें. निकल्सननें दोहोंपैकीं एकही दिलें नाहीं; त्यानें कापडाचा रंग सुचविला.

आमच्या मतें रोजनिशीचा दोष तो हाच. निकल्सनचा विनोद हा त्याच्या विवेकबुद्धीचा मुखत्यार बनला आहे. जेथें विवेकानें उठून निघून जावयाचें तेथें विनोद एक चुरचुरीत वाक्य करतो. वाक्य चांगलें साधल्याचें समाधान मिळतें. आणि त्या समाधानांत मनुष्य आणखी कांहीं दिवस बसून राहतो. वर्षअखेरच्या नोंदींतही हेंच. त्या वर्षीं पैसा गेला, लौकिक गेला, कितीतरी मित्र दुरावले, असा सर्व जमाखर्च तो मांडतो, आणि इतकें होऊनही आयुष्य किती मौजेचें आहे असा शेरा मारतो. व्यक्ति म्हणून ही वृत्ति मोठी लोभसवाणी आहे. परंतु ज्या वर्षीं देशांत पंचवीस लाखांहून अधिक लोक बेकार होते आणि ज्यांच्यासाठीं म्हणून हा पक्ष निघाला होता, त्यांच्यापैकीं किती जणांस तें वर्ष मौजेचें वाटलें असेल?

हा प्रश्न अनुचित नाहीं, कारण त्याचें उत्तर पुस्तकांतच आहे. किंबहुना तें पुस्तकांत नसण्यांतच आहे. या पानांतून पुढारी, धनिक, संपादक, लेखक, सरदार-घराण्यांतील स्त्रियापुरुष यांची वर्दळ आहे. पण ज्याच्या मताकरितां हा सर्व खटाटोप चालला होता तो अ‍ॅश्टनचा विणकर त्यांत भेटत नाहीं. ‘सम पीपल’च्या लेखकाला एखाद्या कारकुनाची लकब सहज टिपतां आली असती, परंतु टिपण्यासाठीं आधीं भेट व्हावी लागते. निकल्सननें १९२७ सालींच इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या विकासावर एक ग्रंथ लिहिला होता आणि चरित्रांत सत्यनिष्ठा हवी असा आग्रह त्यांत धरला होता. पाहिलेल्या गोष्टीविषयीं तो येथें पूर्ण सत्यनिष्ठ आहे. न पाहिलेल्या गोष्टी किती आहेत याची मात्र त्याच्या सत्यनिष्ठेला जाणीव नाहीं.

मतदारांनीं याचें उत्तर लवकरच दिलें. ऑगस्टांत मजूर मंत्रिमंडळ कोसळून राष्ट्रीय सरकार आलें आणि २७ ऑक्टोबर १९३१ रोजीं सार्वत्रिक निवडणूक झाली. नव्या पक्षानें चोवीस उमेदवार उभे केले. एकही निवडून आला नाहीं; बावीस जणांची दीडशें दीडशें पौंडांची अनामत जप्त झाली; सर्वांचीं मिळून मतें ३६,३७७ भरलीं. मोस्ले आपल्या पत्नीच्या जुन्या मतदारसंघांत, स्टोक येथें, उभा होता. दहा हजारांवर मतें मिळवून त्यानें अनामत वांचविली, पण त्याचा क्रम शेवटचाच लागला. स्वतः निकल्सन इंग्रजी विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघांत उभा राहिला. तेथील मतदार सर्व पदवीधर. बुद्धिमंतांच्या पक्षाला बुद्धिमंतांच्या या मतदारसंघांत ४६१ मतें पडलीं. निकल्सनच्या संपादकत्वाखालीं ८ ऑक्टोबर रोजीं निघालेलें ‘ॲक्शन’ हें साप्ताहिक ३१ डिसेंबरला तेराव्या अंकानें बंद पडलें. कृति हें नांव धारण करणारें तें पत्र पक्षाच्या आधींच निघून गेलें.

या अपयशाचीं कारणें साधारणतः अशीं सांगितलीं जातात : मोस्लेचें आजारपण, मजुरांचा संताप, आणि राष्ट्रीय सरकारची लाट. तिन्ही कारणें खरीं आहेत. त्या लाटेंत सरकारपक्षास ५५४ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षही ५२ जागांवर आला, तेथें नव्या पक्षाची काय कथा? परंतु लाटेंत बुडालेले पक्ष पुन्हां वर येतात, मजूर पक्षही आला. नवा पक्ष आला नाहीं, कारण तो बुडण्यापूर्वींच आंतून बदललेला होता. अ‍ॅश्टनच्या निकालाचे दोन अर्थ संभवत होते. लोकांना आपलें म्हणणें अद्यापि पटलेलें नाहीं, हा एक. आणि लोकांना पटवीत बसण्यांत अर्थ नाहीं, हा दुसरा. पहिला अर्थ घेणारा पक्ष पुन्हां त्याच गांवीं जातो. दुसरा घेणारा पक्ष आपल्या सभेच्या दारांत पहारेकरी उभे करतो. मोस्लेनें दुसरा अर्थ घेतला. लँडडनोच्या परिषदेंत मतांचा फरक २,०५,००० चा होता. तो एकदोन वर्षांच्या चिकाटीनें भरून निघण्यासारखा होता, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे. आपल्याकडे गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या उतावळ्या नवऱ्याची म्हण आहे. येथें नवरदेवानें मांडवच सोडला आणि मग मुलीकडचे लोक अडाणी आहेत अशी तक्रार केली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पंचवीस लाख लोक उपाशी असतांना चिकाटीचा उपदेश करणें सोपें आहे. मोस्लेची आर्थिक योजना त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या योजनांपेक्षां अधिक विचारपूर्ण होती, हें पुढें अनेक अभ्यासकांनीं मान्य केलें आहे. मॅकडोनल्डच्या मंत्रिमंडळांत धीर होता तो बहुतांशीं कांहीं न करण्याचा धीर होता. मग उतावीळपणालाच दोष कां द्यावा? आमचें उत्तर असें कीं दोष योजनेचा नाहीं आणि घाईचाही नाहीं. ज्यांच्या हितासाठीं घाई करावयाची त्यांनाच अडथळा समजणें, हा दोष आहे. योजना बरोबर असणें हा लोकांचा तिरस्कार करण्याचा परवाना होऊं शकत नाहीं. उलट जितकी योजना बरोबर, तितकी ती समजावून सांगण्याची जबाबदारी मोठी.

आणि लँकेशायरचे लोक ऐकावयास तयार नव्हते काय? याला त्याच वर्षींचा एक पुरावा आहे, आणि तो आपल्या अगदीं जवळचा आहे. अ‍ॅश्टनमध्यें मोस्लेवर शिव्यांचा वर्षाव झाल्यावर पांच महिन्यांनीं, सप्टेंबर १९३१ अखेर, गोलमेज परिषदेसाठीं विलायतेंत गेलेले गांधीजी लँकेशायरांतील गिरणी-कामगारांस भेटावयास गेले. परदेशी कापडावरील हिंदी बहिष्कारानें त्या प्रांतांतील बेकारींत भर पडली होती. म्हणजे तेथें गांधीजींचें स्वागत मोस्लेपेक्षां वाईट होण्यास सबळ कारण होतें. बहिष्कार मागें घेण्याचें आश्वासन त्यांनीं दिलें नाहीं. हिंदुस्थानांतील दारिद्र्य मात्र त्यांनीं सांगितलें. कामगारांनीं त्यांचें प्रेमानें स्वागत केलें आणि त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. तोच प्रांत, तोच कामगारवर्ग, तीच बेकारी. मोस्लेनें ज्यांच्यांत शत्रु पाहिला त्यांच्यांत प्रतिपक्षाचें ऐकण्याइतकें मन होतें. मात्र बोलणारानें त्यांच्या बरोबरीस उभें राहून बोलावें एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढें १९३४-३५ च्या सुमारास मोस्लेच्या फॅसिस्टांनीं याच लँकेशायरांत, हिंदुस्थानची जकात मोडून तेथील बाजारपेठ तुम्हांस मोकळी करून देऊं, असा प्रचार केला. माणसांस पटवावयाचें सोडलें म्हणजे त्यांस लांच दाखविणें एवढाच मार्ग उरतो, आणि ती लांचही दुसऱ्याच्या खिशांतून.

निकल्सनच्या बाजूनें जें सांगितलें पाहिजे तें सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें अन्यायाचें होईल. जानेवारी १९३२ मध्यें तो मोस्लेबरोबर रोमला गेला. मुसोलिनीच्या राज्याची कळा त्यानें जवळून पाहिली. आणि त्या वसंतांत दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९३५ सालीं तो अवघ्या ८७ मतांच्या आधिक्यानें लीस्टर येथून पार्लमेंटांत गेला आणि म्यूनिकच्या कराराच्या वेळीं हिटलरपुढें नमतें घेण्यास विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत त्याची गणना झाली. मे १९४० मध्यें मोस्ले स्थानबद्ध झाला आणि निकल्सन त्याच महिन्यांत चर्चिलच्या सरकारांत प्रचार-खात्याचा उपमंत्री झाला. त्यास वांचविलें कशानें? रोजनिशी वाचून असें दिसतें कीं, प्रथम तरी, त्यास तत्त्वानें नव्हे, अभिरुचीनें वांचविलें. लष्करी थाटाचे सदरे, आरडाओरड, गटबाजी हें सर्व त्यास ओंगळ वाटलें. अभिरुचि ही लहान गोष्ट नव्हे. पुष्कळांना तेवढीही नसते. परंतु तिच्यावर सर्व भरंवसा टाकणें धोक्याचें आहे. कारण वाईट गोष्ट ओंगळ रूपानेंच येईल अशी हमी कोणीं दिली आहे? ती सुसंस्कृत भाषेंत, उत्तम जेवणानंतर, विनोदाची पखरण करीत आली तर अभिरुचि तिला खुर्ची देईल. निकल्सननें वर्षभर ती दिलीच होती.

संपादनाविषयीं दोन शब्द. नायजेल निकल्सननें निवड केली आहे, सबंध रोजनिशी छापलेली नाहीं; पण वडिलांच्या चुका झांकण्याचा प्रयत्न त्यानें केलेला दिसत नाहीं, आणि मुलाच्या हातून हें होणें दुर्मिळ आहे. नोंदींच्या मधून निकल्सन आणि त्याची पत्नी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांचीं पत्रें येतात. ‘ॲक्शन’मध्यें ती बागकामावर लिहीत असे, परंतु मोस्लेची मोहिनी तिच्यावर पडली नव्हती. राजकारणापासून दूर, आपल्या बागेंत रमलेल्या या स्त्रीचें मौन नवऱ्याच्या उत्साहाशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे मोठें बोलकें वाटतें.

आमच्या पांढरपेशा वाचकांस हें पुस्तक मुद्दाम वाचावें असें सुचविण्याचें कारण आतां वेगळें सांगावयास नको. आपल्या दिवाणखान्यांतूनही, पांच शहाणीं माणसें एकत्र बसवून त्यांच्या हातीं सर्व सोंपवावें म्हणजे देश सुधारेल, हें वाक्य किती सहज उच्चारलें जातें! मतदार अडाणी, सभा म्हणजे गोंगाट, निवडणूक म्हणजे बाजार, या तक्रारींत तथ्यांश असेलही. परंतु त्या तक्रारींचा शेवट कोठें होऊं शकतो याची एक नोंदवही निकल्सननें, स्वतःस न कळत, आपल्या हातीं ठेविली आहे. तिच्यांतलें संभाषण इतकें सुंदर आहे कीं आपणही त्या टेबलाशीं बसावें असा मोह वाचकास पानोपानीं होतो. तो मोह होणें आणि तो ओळखतां येणें, या दोन्ही गोष्टी एकाच वाचनांत घडतात, हें या रोजनिशीचें खरें श्रेय होय. तें तिच्या लेखकानें मिळविलेलें असो वा नसो.